स्टेनलेस स्प्रिंगांचा हार्डनेस वर-खाली येतोय? भट्टीच्या कंट्रोलरला हात लावण्याआधी हे तपासा

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात हीट ट्रीटमेंट शिकलेल्या माणसाचा हात बहुतेक वेळा कास्टिंग आणि ईएन-८, ईएन-१९ अशा स्टीलवर बसलेला असतो. तिथला हिशेब सरळ असतो. जॉब लाल करा, तेलात बुडवा, कडक होईल. मग टेम्परिंग करून, म्हणजे कमी तापमानाला पुन्हा तापवून, पाहिजे तेवढा खाली आणा. हार्डनेस कमी आला तर टेम्परिंगचं तापमान थोडं उतरवा, जास्त आला तर चढवा. हीच सवय स्टेनलेस स्प्रिंगांवर चालवली की घोळ सुरू होतो, कारण 'स्टेनलेस स्प्रिंग' या एका नावाखाली तीन वेगळ्या जातींचा माल येतो आणि तिघांना कडकपणा मिळण्याची वाट वेगवेगळी आहे. एकीला तर भट्टीतून कडकपणा मिळतच नाही.

म्हणून नव्याने या कामात आलेल्यांसाठी तपासाचा क्रम इथे मांडतो. क्रम बदलू नका. भट्टी यात बऱ्याच उशिरा येते आणि ते मुद्दाम ठेवलंय.

पायरी १: चार्ज (भट्टीत एका वेळी गेलेला माल) अडवा, पुन्हा भट्टीत टाकू नका

रीडिंग कमी आलं की 'एकदा परत फिरवून बघू' असा सल्ला शॉपवर हमखास मिळतो. तो ऐकू नका. काही जातींमध्ये दुसऱ्या फेरीत उरलासुरला कडकपणाही जातो, आणि मूळ दोष कुठे होता हे शोधायचा पुरावाही जातो. संशयित माल बाजूला काढा, लाल टॅग लावा. टोपलीतल्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या स्प्रिंगा शक्य असेल तर वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. सगळ्या एका घमेल्यात ओतल्या की पुढच्या अर्ध्या पायऱ्या निकामी होतात.

पायरी २: टीसीवरचं ग्रेड वाचा

टेस्ट सर्टिफिकेट फाइलला लावण्यासाठी नसतं, वाचण्यासाठी असतं. ग्रेड, कंडिशन, हीट नंबर, कॉइल नंबर आणि तारेचं टेन्साइल (ओढून तोडायला लागणारी ताकद) या पाच गोष्टी बघा. मग आपला माल खालीलपैकी कुठल्या जातीत बसतो ते ठरवा.

पहिली जात म्हणजे ३०२, ३०४, ३१६. बाजारातल्या बहुतेक स्टेनलेस स्प्रिंगा याच. यांचा कडकपणा तार डायमधून ओढताना येतो. ती जितकी जास्त ओढली, तितकी कडक. कॉइलिंगनंतर आपण जे करतो ते स्ट्रेस रिलीफ: ३०२ आणि ३०४ साठी साधारण ३४० अंश सेल्सिअसला अर्धा तास. त्याने कॉइलिंगचे ताण सुटतात आणि ताकद थोडी वाढते, एवढंच. नवख्याकडून होणारी सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे 'कडक होत नाही' म्हणून या स्प्रिंगा १०५० अंशांपर्यंत तापवून पाण्यात टाकणं. कार्बन स्टील अशाने कडक होतं, हे मऊ पडतं. ही याची अॅनीलिंगची रीत आहे. ती ताकद परत आणायला तार पुन्हा ओढावी लागेल, आणि स्प्रिंग काही डायमधून परत जात नाही.

यावरून एक गोष्ट निघते. या जातीत हार्डनेस वर-खाली असेल तर पहिला संशय तारेवर घ्या. तारेची ताकद व्यासाप्रमाणे बदलते. युरोपीय मानकात ३०२ वर्गातल्या साध्या ताकदीच्या १ मिमी तारेचं किमान टेन्साइल १९०० एमपीएच्या (मेगापास्कल) आसपास आहे, तर ४ मिमीचं १५०० च्या आसपास. शिवाय एकाच व्यासातही किमान ते कमाल अशी बरीच रुंद जागा दिलेली असते. एक कॉइल खालच्या टोकाला, दुसरी वरच्या टोकाला, दोन्ही पास. दोन्हींच्या स्प्रिंगा एका टोपलीत गेल्या की तुम्हाला 'हार्डनेस एकसारखा नाही' असं दिसतं आणि बिचारा फर्नेस ऑपरेटर बोलणी खातो.

दुसरी जात १७-७ पीएच. ही तारेत बहुधा कंडिशन सी मध्ये, म्हणजे ओढून कडक केलेली येते आणि तिला ४८० अंशांच्या आसपास एक तास एजिंग, म्हणजे त्या तापमानाला ठेवून कडकपणा वाढवणं, द्यायचं असतं. इथे मात्र भट्टीच कडकपणा वाढवते, आणि बऱ्यापैकी वाढवते. त्यामुळे तापमानाची सूट कमी: अधिक-उणे ६ अंश ही नेहमीची मागणी. पट्टीच्या स्प्रिंगांत आणखी एक खाच आहे. पट्टी कंडिशन ए मध्ये, म्हणजे मऊ, मिळू शकते. अशी पट्टी थेट ४८० ला एज केली तर जवळपास काहीच होत नाही. तिला आधी ७६० अंशांना दीड तास, मग तासाभराच्या आत १५ अंशांपर्यंत गार करून अर्धा तास तिथेच ठेवणं, आणि मग ५६५ ला दीड तास, असा तीन टप्प्यांचा प्रवास लागतो. यातून ४३ एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाने) आसपास कडकपणा मिळतो.

त्या १५ अंशांकडे नीट बघा. ज्या थंड मुलखांत ही प्रक्रिया बसवली गेली, तिथे नळाचं पाणीही त्याच्या जवळपास असतं. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यात शेडवरच्या टाकीतलं पाणी तीस अंशांच्या वर असतं आणि शेडमधली हवा त्याहून गरम. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या शिफ्टला पाणी आपोआप बरंच गार मिळतं आणि चार्ज निदान जवळपास येतो, तोच चार्ज मेमध्ये दुपारी मऊ. कागदावर दोन्हीकडे 'पाण्यात गार केले' एवढंच लिहिलेलं. उपाय म्हणजे बर्फाचं पाणी आणि त्यात बुडवलेला थर्मामीटर. अंदाजाने बोट बुडवून चालत नाही. गार करणं अपुरं राहिलं की स्टीलचं मार्टेन्साइट या कडक रचनेत रूपांतर अर्धवट होतं आणि पुढचं एजिंग त्या अर्ध्याच भागावर काम करतं.

तिसरी जात ४२० सारखी मार्टेन्सिटिक. सर्क्लिप, काही पट्टीच्या स्प्रिंगा यात असतात. हिच्यावर तुमचा जुना हात थोडाफार चालतो: ९८० ते १०६५ अंशांना तापवणं, तेलात किंवा हवेत गार करणं, मग टेम्परिंग. तापमान कमी पडलं तर क्रोमियमचे कार्बाइड विरघळत नाहीत आणि हार्डनेस येत नाही. जास्त झालं तर ऑस्टेनाइट ही मऊ रचना शिल्लक राहते आणि तेव्हाही हार्डनेस कमीच येतो. टेम्परिंग साधारण ४२५ ते ५६५ च्या पट्ट्यात करू नका. तिथे ठिसूळपणा येतो आणि गंजाला तोंड देण्याची ताकदही घटते.

पायरी ३: मोजणीवर संशय घ्या

माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच संपतात, म्हणून इथे घाई करू नका.

सुरुवात टेस्ट ब्लॉकने. तुमचा जॉब ४५ एचआरसीचा आणि ब्लॉक ६२ चा, असं नको. जवळच्या किमतीचा ब्लॉक घ्या. हिरा (टोचणारं टोक) किंवा अॅनव्हिल (जॉबखालचा आधार) बदलला असेल तर पहिली दोन रीडिंगं सोडून द्या.

मग जाडीचा हिशेब करा. रॉकवेल सी मध्ये एक पॉइंट म्हणजे ०.००२ मिमी खोली, आणि मोजणी १०० पासून उलटी. ४५ एचआरसीला खोली झाली ५५ गुणिले ०.००२, म्हणजे ०.११ मिमी. नियम असा की जाडी निदान या खोलीच्या दहापट हवी, म्हणजे १.१ मिमी. तुमची पट्टी ०.८ ची असेल तर तुम्ही पट्टीबरोबर अॅनव्हिलही मोजताय. पट्टी उलटी करून बघा, मागे ठशाचा फुगवटा दिसला तर ते रीडिंग रद्द. अशा पट्टीला सुपरफिशियल रॉकवेल किंवा व्हिकर्स या हलक्या भाराच्या मोजण्या लावा. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून जाडी वाढवण्याची युक्ती काहीजण करतात, तीही चुकीची.

गोल तारेवर थेट रॉकवेल घेणं हा आणखी एक सापळा. गोल पृष्ठभागावर हिऱ्याच्या बाजूंना आधार कमी मिळतो, तो जास्त खोल जातो आणि रीडिंग कमी येतं. ६ मिमी व्यासाला ४५ एचआरसीच्या आसपास हा फरक जवळपास तीन पॉइंटांचा असतो. त्यासाठी दुरुस्तीचा तक्ता असतो, पण बारीक तारेला तक्ताही वाचवत नाही. तार आडवी कापा, मोल्डमध्ये बसवा, पॉलिश करा आणि व्हिकर्स घ्या. कापताना पाणी चालू ठेवा, नाहीतर कटिंग व्हीलच जागेवर टेम्परिंग करून टाकतं. ४२० ची स्प्रिंग दीड-दोनशे अंशांनाच टेम्पर केलेली असेल तर गरम प्रेसमध्ये माउंट करू नका, कोल्ड माउंट वापरा. आणि ठसा प्रत्येक नमुन्यात एकाच जागी घ्या. ओढलेल्या तारेत कड आणि मध्य यांचा कडकपणा सारखा नसतो. एकाचा मध्य आणि दुसऱ्याची कड मोजली तर फरक येणारच.

कॉम्प्रेशन स्प्रिंगच्या ग्राइंड केलेल्या टोकांबद्दल वेगळं सांगतो. सपाट जागा तेवढीच दिसते म्हणून सगळे तिथेच टेकवतात. एक तर टोकाची वेटोळी शेवटाकडे निमुळती होत जाते आणि खाली आधार नसतो; हिरा टेकला की ती लवते आणि रीडिंग मऊ येतं. दुसरं, ग्राइंडिंगमध्ये ते टोक तापलेलं असू शकतं. निळसर-तपकिरी छटा दिसली तर तिथलं रीडिंग त्या डागाचं आहे, स्प्रिंगचं नाही.

आता एक सोपी परीक्षा. एकाच स्प्रिंगवर पाच रीडिंगं घ्या, दोन ठशांत ठशाच्या व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवून. मग पाच स्प्रिंगांवर एकेक घ्या. एकाच स्प्रिंगमधला फरक जर पाच स्प्रिंगांमधल्या फरकाएवढाच असेल, तर तुमच्याकडे हार्डनेसचा प्रश्न नाही, मोजणीचा आहे.

वायर स्प्रिंगसाठी तर मी हार्डनेसला शेवटचा शब्द देतच नाही. स्प्रिंग पूर्ण दाबा, वेटोळी एकमेकांना टेकू द्या, सोडा, आणि आधीची व नंतरची फ्री लेंग्थ मोजा. ताकद कमी असलेली स्प्रिंग सेट होते, म्हणजे आखूड राहते. ठरलेल्या उंचीवरचा लोड मात्र यात दिशाभूल करतो. तो तारेचा व्यास, कॉइलचा व्यास, वेढे, फ्री लेंग्थ आणि स्टीलचा मॉड्युलस यांवर ठरतो, हार्डनेसवर नाही. लोड बरोबर आला म्हणून हार्डनेस बरोबर असं समजू नका.

पायरी ४: टोपलीचा नकाशा काढा

मोजणी पक्की झाली की एका कागदावर टोपली काढा: दार कुठे, पंखा कुठे, वर-खाली, कडेला, ढिगाच्या मध्यभागी. प्रत्येक जागची चार-पाच रीडिंगं लिहा. आता आकड्यांपेक्षा आकृती बघा. मऊ स्प्रिंगा एका कोपऱ्यात किंवा ढिगाच्या पोटात सापडल्या तर भट्टी किंवा भरणा. मऊ आणि कडक सगळीकडे विखुरलेल्या असतील, आणि आकडे दोन वेगळ्या गटांत पडत असतील, तर माल मिसळलाय. कॉइल बदलल्यापासून फरक पडला असेल तर तार. आणि फरक फक्त रात्रपाळीत येत असेल तर माणसांशी बोला, आवाज न चढवता.

रंगही बघा. हवेत तापवलेल्या ३०४ वर साधारण २९० अंशांना फिकट पिवळा, ३४० ला गवती पिवळा, ३९० ला तपकिरी, ४५० ला गडद जांभळा आणि ५४० ला निळा रंग येतो. वेळ आणि अंगावरचं तेल यामुळे छटा सरकते, त्यामुळे रंगावरून तापमान ठरवू नका. पण एकाच टोपलीत पिवळ्या आणि जांभळ्या स्प्रिंगा दिसल्या तर त्या सारख्या तापलेल्या नाहीत, हे सांगायला लॅब लागत नाही.

पायरी ५: आता भट्टी

३४० किंवा ४८० अंशांना लाल झळ नसते, म्हणून उष्णता मुख्यतः हवेच्या वाऱ्याने पोचते. म्हणजे पंखा हा या भट्टीचा जीव. तो उलटा फिरतोय का, पाती झिजलीत का, टोपली इतकी गच्च भरलीय का की वारा मधून जातच नाही, हे आधी बघा. बारीक स्प्रिंगा ढिगाने भरल्या की ढिगाचं पोट हवेच्या कितीतरी मागे राहतं. कंट्रोलर ४८० दाखवतो, टायमर सुरू होतो, आणि मधल्या स्प्रिंगा अजून चारशेवर. सोकिंगची, म्हणजे तापमानाला धरून ठेवण्याची, वेळ मालाने तापमान गाठल्यापासून मोजायची. त्यासाठी एक थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) ढिगाच्या पोटात खुपसून एक चार्ज काढा. भरणा किती कमी करायचा ते तोच सांगेल.

पुढे तापमानाचा सर्व्हे: आठ कोपरे आणि मध्य, असे नऊ थर्मोकपल. रिकाम्या भट्टीत एकदा, भरलेल्या भट्टीत एकदा. सर्व्हेत अधिक-उणे १४ निघालेली भट्टी ३०४ च्या स्ट्रेस रिलीफला चालते, १७-७ ला नाही.

थर्मोकपलच्या वायरिंगमध्ये एक खोडी आहे. अमेरिकन रंगसंकेतात के टाइपची लाल वायर निगेटिव्ह असते. आपला इलेक्ट्रिशियन सवयीने लाल पॉझिटिव्हला जोडतो. एक्स्टेन्शन केबल दोन्ही टोकांना अशी उलटी जोडली गेली तर भट्टी चालते, आकडाही पटण्याजोगा दिसतो. फक्त थर्मोकपलचं हेड कंट्रोलरपेक्षा जितकं गरम, त्याच्या जवळपास दुप्पट अंशांनी आकडा कमी दिसतो. हेड ५५ आणि पॅनल ३५ वर असेल तर भट्टी खरी चाळीस अंशांनी जास्त तापलेली. दुपारी वेगळी, पहाटे वेगळी. कंट्रोलरला महिनाभर शिव्या घालून झाल्यावर सापडणारी ही गोष्ट आहे.

वळवाच्या दिवसांत संध्याकाळी लाइट जाते, तेव्हा कंट्रोलर काय करतो तेही विचारून ठेवा. काही शून्यापासून वेळ मोजतात, काही जिथे थांबले तिथून पुढे. ४८० वरून भट्टी ३०० ला उतरली आणि टायमर मात्र पुढे चालू राहिला, तर चार्ज कमी एज झाला आणि कार्डावर पूर्ण तास दिसतो. रेकॉर्डरचा ग्राफ बघितल्याशिवाय असा चार्ज पुढे पाठवू नका.

पायरी ६: ग्रेड मिसळलंय का

चुंबक लावून निकाल देऊ नका. ओढलेली ३०४ तार थोडी चिकटते, १७-७ कंडिशन सी चांगलीच चिकटते, ३१६ फारच कमी. चिकटली म्हणून डुप्लिकेट, हे बोलणं बाजारात राहू द्या. उलट २०१ सारखं जास्त मँगनीज, कमी निकेलचं स्टील ३०४ म्हणून आलेलं चुंबकाने ओळखूच येत नाही.

हातातल्या एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी घटक ओळखणाऱ्या यंत्राने) निकेल, मँगनीज, मॉलिब्डेनम आणि १७-७ मधलं अॅल्युमिनियम शोधता येतं. अॅल्युमिनियम हलकं मूलद्रव्य असल्यामुळे त्यासाठी चांगली गन आणि साफ पृष्ठभाग लागतो. कार्बन मात्र ती वाचत नाही. त्याला स्पेक्ट्रो (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारं यंत्र) लागतो, आणि फाउंड्र्यांमुळे आपल्याकडे स्पेक्ट्रोची वाण नाही. फक्त दोन प्रश्न विचारून मगच नमुना द्या: मशीनमध्ये स्टेनलेसचा प्रोग्रॅम आहे का, की फक्त कास्ट आयर्नचा? आणि बारीक तारेसाठी अॅडॅप्टर आहे का? दोन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर छापून येणाऱ्या आकड्यांवर पैसे घालवू नका.

पायरी ७: काय वाचतं, काय नाही

१७-७ ची तार मऊ आली असेल तर दोन शक्यता: एजिंग कमी झालं किंवा जास्त झालं. दोन्हीत हार्डनेस कमीच येतो. चार-पाच स्प्रिंगा घेऊन, खात्रीच्या भट्टीत ४८० ला एक तास ठेवा. हार्डनेस चढला तर एजिंग कमी होतं, आणि उरलेला माल तसाच वाचवता येईल. चढला नाही किंवा आणखी उतरला तर एजिंग जास्त झालंय. ओढलेल्या तारेत त्याला उपाय नाही, भंगार.

४२० मध्ये शंका शिल्लक ऑस्टेनाइटची असेल तर एक नमुना ड्राय आइस आणि अल्कोहोलमध्ये, म्हणजे उणे ७८ च्या आसपास, गार करून पुन्हा मोजा. दोन-तीन पॉइंट चढले तर हार्डनिंगचं तापमान जास्त होतं. न चढले तर उलट बाजू बघा: तापमान कमी, सोकिंग कमी, किंवा अंगावरचा कार्बन जळालेला. शेवटच्या शंकेसाठी आडव्या कापलेल्या नमुन्यावर कडेपासून आत असे व्हिकर्सचे ठसे घ्या; कडेला मऊ आणि आत कडक असेल तर डिकार्ब. डिकार्ब नसलेला माल अॅनील करून पुन्हा हार्डन करता येतो, फक्त आकार बिघडणार हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.

३०२ आणि ३०४ मध्ये स्ट्रेस रिलीफ कमी पडलं असेल तर पुन्हा देता येतं. तार मुळात कमी ताकदीची असेल तर भट्टीकडे औषध नाही. टीसी आणि कापून ठेवलेला तारेचा तुकडा घेऊन सप्लायरकडे जा. म्हणून प्रत्येक कॉइलच्या दोन्ही टोकांचा हातभर तुकडा कॉइल नंबर बांधून, ऑर्डर पूर्ण होईपर्यंत जपून ठेवायचा. जॉब कार्डावर कॉइल नंबर, टोपलीतली जागा, माल तापमानाला पोचल्याची वेळ आणि गार करण्याच्या पाण्याचं तापमान, या चार रकान्यांची जागा आजच छापून घ्या. प्रिंटरवाला कार्ड बदलायला कुरकुर करेल, करू दे.